मे महिन्यातलं ट्रेनिंग

दोहाच्या ज्या हॉस्पिटलात मी नर्स होते, तिथेच माझा नवरा एक्स-रेच्या डार्करूममध्ये फिल्म धुवायचा. घरी आला की अंगाला औषधाचा आंबूस वास यायचा. मी नाक मुरडायची, पण घर त्याच वासावर चाललं होतं. मुलीचा व्हिसासुद्धा त्याच्या नोकरीवर होता. माझ्या नोकरीवर कुटुंब ठेवता येत नव्हतं.

दोन हजार सालानंतर कॉम्प्युटरवर हाडं दाखवणारं मशीन आलं आणि त्याचं ट्रेनिंग ठेवलं ते नेमकं मे महिन्यात. आमच्या वसईत लग्नाचा हंगाम मेमध्येच, आणि त्या वर्षी त्याच्या भाचीचं लग्न ठरलेलं. मामाशिवाय आमच्यात भाचीचं लग्न पुरं होत नाही.

मी म्हटलं, "या वर्षी नको जाऊस. पोरीचा विचार कर."

"मशीन काय पळून जातंय? आल्यावर शिकतो. बहिणीला काय तोंड दाखवू?"

गेला. नवा सूट शिवून गेला, हौसेने नाचून आला. परतला तेव्हा डार्करूममध्ये कागदाचे खोके रचलेले होते. इन्चार्ज म्हणाला, "फिल्म खलास, भाई."

मी नवऱ्याला नको नको ते बोलले. पण ट्रेनिंग घेतलेल्या दोघांपैकीही एकालाच ठेवलं, हे कळलं आणि राग कुणावर काढावा तेच समजेना. फिल्मच उरली नव्हती, तर ती धुणाऱ्याने जायचं कुठे? चाळिशी उलटलेला माणूस, दोहाबाहेरच्या अल वक्रा गावापर्यंतचे दवाखाने त्याने पालथे घातले. सगळीकडे एकच प्रश्न, "कॉम्प्युटर आता है?"

शेवटी बापलेक वसईला गेले आणि मी नर्सेसच्या हॉस्टेलात. तिकडेही त्याचं काम कुणाला नको होतं. तो दिवसभर गप्प बसून राहायचा, म्हणून मुलीला त्याच्या त्याच बहिणीने सांभाळायला नेलं. घर माझ्या पगारावर, त्यामुळे मला परतायची सोय नव्हती. देवावर, दोहावर, त्या लग्नावर मी मनातल्या मनात जळत राहिले.

पुढच्या सुट्टीत नणंदेकडे गेले. मुलीसाठी आणलेला चॉकलेटचा डबा पुढे केला. तिने हात उचलला, पण डब्याला लावला नाही. आत्याकडे बघत उभी राहिली.

"घे गं, आईच आहे," आत्या म्हणाली, तेव्हा घेतला.