ठरवून केलेल्या चुका

न ठरवता चुकणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली, त्यांतला एक रोज आरशात भेटतो. पण ठरवून, तासाला एक अशी नेमानं चूक करणारा माणूस साऱ्या मद्रासेत मला एकच भेटला. टी. नगरातल्या आमच्या शाळेत ते गणित आणि विज्ञान शिकवत. मी पुण्याहून येऊन शेजारच्या वर्गात इतिहास शिकवत होतो. मध्ये फळ्यांची पातळ भिंत होती, त्यामुळे त्या वर्षांत मी इतिहासापेक्षा गणितच जास्त शिकलो. त्यांचं घराणं तंजावरचं, आणि मराठी अशी की माझ्या पणजोबांना ती अधिक चांगली कळली असती. मला ते 'पुणेराव' म्हणत. स्टाफरूममध्ये कॉफी आली की ते ती अर्धी पसरट वाटीत ओतायचे, अर्धी पेल्यात ठेवायचे आणि दोन्हींत बोट बुडवून सगळ्यांना थांबवायचे. शेवटी दोन्हींतली कॉफी पिण्याजोगी उरत नसे, पण कुठली आधी निवली हे संस्कृतच्या शास्त्रीबुवांनाही कायमचं कळलेलं असे.

वर्गात ते फळ्यावर एक चूक करत, तीही इतक्या भाबड्या चेहऱ्यानं की शंका घेणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. मग कुणीतरी ओरडायचं, "तप्पु, सार!" म्हणजे चूक. पकडणाऱ्याला डब्यातला एक मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, मिळे. बाकीच्यांच्या तासाला मुलं फळ्याकडे बघत ती घड्याळ त्याच भिंतीवर होतं म्हणून. यांच्या तासाला बघत ती संशयानं. "बरोबर लिहिलं तर पोरं उतरून घेतात, पुणेराव," ते म्हणत, "चुकलं असेल असं वाटलं तरच वाचतात." शिक्षणावर मी पुढे बरीच जाड पुस्तकं वाचली. या वाक्याच्या पलीकडे ती फारशी गेलेली नाहीत.

एकदा नेमका चुकीच्या क्षणी इन्स्पेक्टर आत आला. आमच्या हेडमास्तरांच्या खोलीत तीन तसबिरी होत्या, त्यांतल्या दोन त्यांच्याच. साहजिकच त्यांना ते फार लागलं. त्यांनी हुकूम काढला की करायची चूक आधी कागदावर लिहून जबाबदार सहकाऱ्याकडे ठेवावी. चिठ्ठी मुलांच्या हाती लागली तरी वाचता येऊ नये म्हणून गणिताचे सर ती मराठीत लिहीत. त्यामुळे जबाबदार सहकारी मी ठरलो. तसा योग पुन्हा आला नाही.

कितीतरी दिवस चिठ्ठीत एक चूक असे आणि पलीकडून आरडाओरडाही एकदाच होई. मग एका दिवशी तो दोनदा झाला. नंतर तीनदा. मुलं खूश होती. त्यांना वाटलं, सर खेळ वाढवताहेत. बाजारात त्यांच्या पत्नी भेटल्या, त्या कौतुकानं म्हणाल्या, "यंदा पोरं लई हुषार जालीत म्हणे. कितीही मुरुक्कू घाला, डबा पुरेना."

चिठ्ठीत अजूनही एकच चूक असते, हे मी कुणालाच सांगितलं नाही. निवृत्तीला त्यांना वर्ष उरलं होतं, आणि हेडमास्तर त्यांचा वर्ग काढून घेऊन त्यांना पुस्तकांच्या कपाटाशेजारी बसवायला टपलेच होते.

पुढच्याच आठवड्यात हेडमास्तरांनी व्हरांड्यात उभं राहून तिन्ही ओरडे मोजले आणि आम्हा दोघांना बोलावून घेतलं. माझ्याकडची चिठ्ठी टेबलावर ठेवायला लावली. "वाचा. इंग्रजीत सांगा."

चिठ्ठीत एकच ओळ होती. "व्यासालाच त्रिज्या म्हणणार," मी सांगितलं, आणि नजर कागदावरच ठेवून पुढे म्हणालो, "सात आठे चोपन्न म्हणणार. सोडवून झालेलं गणित पुसून पुन्हा तेच घालणार."

"एवढ्याशा ओळीत इतकं?"

"मराठी आटोपशीर भाषा आहे, सर."

हेडमास्तरांनी मान हलवली. समजल्यासारखी मान हलवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्या खोलीत मराठी येणारा आणखी एक माणूस होता, आणि ती ओळ त्यानं स्वतः लिहिली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते हाताची बोटं हळूहळू दुमडत काहीतरी मोजत राहिले. दोनदा मोजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे चिठ्ठी दिली. ती जड लागली. उघडली तर आत मुरुक्कू. कागदावर तेलाचा डाग होता, अक्षर एकही नव्हतं.

"हे काय?"

"पकडणाऱ्याला देतो तेंच." मग विचारलं, "पोरांना कळलं?"

"नाही. त्यांना खेळच वाटतो."

"सरी, बरें. मग आतांच थांबतो. त्यांस खेळच वाटूं दे."

दुपारी त्यांनी राजीनामा दिला. तो इंग्रजीत होता, आणि त्यात एकही चूक नव्हती.

त्यांच्या जागी आलेले गृहस्थ अचूक शिकवत. पलीकडे अगदी शांत असे, मुलं उतरून घेत. माझा इतिहास चालू असताना मी सवयीनं मधेच थांबायचो, भिंतीकडे कान लावायचो. माझ्या वर्गातली मुलंही थांबायची. मग आम्ही पुन्हा पानिपतावर जायचो.