पिवळा कागद

मध्यभारत मोडून नवं राज्य बनत होतं, राजधानी भोपाळला चालली होती, आणि मी सरकारी पाहणीसाठी ग्वाल्हेरच्या घराघरांत भाषा विचारत हिंडत होतो. पांढऱ्या कागदावर प्रश्न होता, मातृभाषा कोणती? पिवळ्यावर होता, घरात काय बोलता? एका घराला पांढरा, पुढच्याला पिवळा. प्रश्न बदलला की उत्तर किती बदलतं, ते साहेबांना बघायचं होतं. क्रम मोडायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

टोपी बाजारात एका निवृत्त मराठी सुभेदारांना मी पिवळ्यावरचा प्रश्न विचारला. त्यांनी तोंड उघडायच्या आत नात म्हणाली, "हिंदी, और क्या!" ते खाली बघत राहिले. मला मुलीचा राग आला, कागदाचा त्याहून जास्त. त्यानंतर दारावर मराठी आडनाव दिसलं की मी पांढराच काढायचो.

शेवटी माझंच घर आलं. पाळी पिवळ्याची होती. आत मुलं हिंदीत भांडत होती. मी पांढरा भरला.

आकडे जुळवून साहेब खुशीत म्हणाले, "बघा, नुसत्या शब्दांनी केवढा फरक पडला!" पिवळे जवळजवळ सगळे हिंदी घरांत गेले होते. मी म्हणालो, "हो ना, साहेब."