शुक्रवारी उघडणारं पान

कोल्हापूरच्या पेठेतल्या माणसाला तालीम, म्हणजे गल्लीचा आखाडा आणि त्याचा फुटबॉल संघ, बदलायला सांगा आणि मग त्याच्यासमोर उभं राहून दाखवा. घर विकून लांब बंगला बांधलेला माणूससुद्धा मॅचच्या दिवशी जुन्याच तालमीच्या पोरांत येऊन घसा बसवून घेतो. मी बाहेरची, म्हणून मला हे जास्त दिसायचं. आम्ही कसबा बावड्याचे. वडील साखर कारखान्यात कामाला, आणि आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते. बी.कॉम. झाल्यावर शिवाजी पेठेतल्या एका सायबर कॅफेचं काउंटर माझ्याकडं आलं, आणि तिथं बसून मी जे शिकले ते काही कुठल्या पेपरात आलं नव्हतं.

तेव्हा सगळ्या गावाचं खातं एकाच साइटवर असायचं. ती आता बंद झाली, पण स्क्रॅप म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाला लगेच आठवेल. एकमेकांना टाकलेला निरोप म्हणजे स्क्रॅप, आणि दहाजणांनी मिळून लिहायचं पान म्हणजे कम्युनिटी. पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाची कम्युनिटी आमच्याच कॅफेतून चालायची. चालवणारा होता पिठाच्या गिरणीचा मालक. मॅच बघून आला की साठलेली दळणं उरकायचा, मग गिरणी बायकोवर सोपवून तो यायचा. भुवया पांढऱ्या, हात पांढरे. कीबोर्डला बोट लावायच्या आधी मी त्याला हात धुवायला पाठवायची.

"मॅडम, लग्नात पण एवढं धुतलं न्हाईत," असं म्हणत तो धुऊन यायचा.

मग इंग्रजी अक्षरांत कोल्हापुरी मराठी, एकेक अक्षर शोधत. पण काय लिहायचा! कुणी कुठून पास दिला, कुणाला कसा कट मारला, पंचाला गॅलरीतून काय ऐकावं लागलं, सगळं त्यात यायचं. खाली पोरांच्या टोमण्यांची रांग लागायची. मी मैदानावर कधी गेले नव्हते, तरी मला मॅच दिसायची.

हे सगळं तो खरं म्हणजे एका माणसासाठी लिहायचा. त्याचा धाकटा भाऊ त्या संघाचा गोलकीपर. ऐन हंगामात आखातातल्या नोकरीचा व्हिसा आला आणि तो गेला. पुढचीच मॅच संघ हरला आणि तालमीत त्याच्यावर बरंच बोलणं झालं. जायच्या आधी त्याला खातं मीच काढून दिलं होतं, कुठं क्लिक करायचं तेही शिकवलं होतं. त्याला तेवढी एकच वाट ठाऊक. त्याचं काम वाळवंटात होतं. शुक्रवारी सुट्टीला गाडी बाजाराच्या गावात न्यायची, तेव्हा तो तिथल्या कॅफेत हे पान उघडायचा.

दोन-तीन हंगाम असे गेले. मग नवी साइट आली. आधी कॉलेजच्या पोरी तिकडं गेल्या, मग पुण्याला नोकरीला गेलेली पोरं, मग समोरची, म्हणजे कट्टर विरोधातली तालीम. शेवटी आमची पोरंही. कोणी भांडलं नाही, कोणी निरोप घेतला नाही. पंगत उठावी तसे सगळे उठले. मीही उठले. नवी साइट चांगलीच होती, उगाच नावं का ठेवा?

गिरणीवाला तेवढा बसून राहिला. मॅच झाली की यायचा, हात धुवायचा, जुन्या पानावर लिहायचा. खाली एक उत्तर नाही. आपण लिहितोय तेवढं भावाला पुरे, असं त्याला वाटायचं.

एका शनिवारी तो तसाच पिठाच्या हातानं येऊन बसला. त्याचा चेहरा बघून मी त्याला हात धुवायला पाठवलं नाही. त्यानं मला पडद्याकडं बघायची खूण केली. भावानं लिहिलं होतं, "मी हंगाम सोडून आलो म्हणून कोण बोलत न्हाई व्हय? तसं असंल तर सांगा. परत आल्यावर तालमीत पाय ठेवणार न्हाई."

पेठेत माणूस चिडला तर तोंडावर बोलतो. बोलायचाच बंद झाला, तर समजायचं की आपण त्याच्या मनातून उतरलो. गोलकीपरनं रिकाम्या पानाचा हाच अर्थ लावला होता. नवी साइट आली आहे हे त्या वाळवंटात त्याला कोण सांगणार?

मी म्हटलं, फोन करून सांगा की, एका मिनिटाचं काम आहे.

"मी सांगितलं तर म्हणंल, भाऊ हाय म्हणून समजूत काढतोय. पोरांनीच बोलाय पायजे, मॅडम. आणि जितं गप बसली तितंच."

मला हे सुचलं नसतं.

तालमीच्या दारात मॅचच्या वेळा लिहायचा फळा असतो. त्यावर त्यानं खडूनं लिहिलं की गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांनी कॅफेत यायचं. आली की पोरं. अर्धी बाहेर रस्त्यावर उभी. कित्येकांना जुना पासवर्ड आठवेना, मी एकेकाला नवा काढून देत होते. एकानं लिहिलं की आम्ही सगळी नव्या साइटवर पळालोय, आणि तू गेल्यापासून गोलची जाळी फुकट फाटायला लागली आहे. दुसऱ्यानं, येताना अत्तर आण, तुझे ग्लोव्ह्ज अजून वास मारतात. शेवटी समोरच्या तालमीचा फॉरवर्ड दारात येऊन थांबला. त्या पानावर समोरच्याला लिहायला बंदी होती. गिरणीवाला खुर्चीवरून उठला आणि त्याला बसवलं. त्यानं एवढंच लिहिलं, "तू न्हाईस तर गोल मारण्यात मजा न्हाई."

शनिवारी गिरणीवाला आला तो न सांगता हात धुऊन. पोरांना काही नाही, भावानं आधी त्या फॉरवर्डलाच उत्तर दिलं होतं, "आल्यावर मारून दाखव की." त्याखाली माझ्यासाठी एक ओळ होती. मॅडम, सगळी जितं गेल्यात तितं मलाबी खातं काढून द्या.

गिरणीवाल्यानं ते पुन्हा एकदा वाचलं, डोळे पुसले, आणि शर्टाच्या बाहीवरचं पीठ गालाला लागलं.

"चला," तो म्हणाला, "गोलकीपर बाहेर पडला. आता माझंबी खातं काढा."