चेकरदादांची चौथी फुल्ली

चेकरदादा लग्नाला गेले की नवरीच्या तोंडाकडे बघायच्या आधी तिच्या शालूचा काठ चिमटीत धरायचे. "दोन धागे तुटलेत," असं भर मांडवात बोलून मोकळे! त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, कपाळावर हात मारून घ्यायच्या. दादांना जाऊन आता वर्ष झालं, पण लग्नात शालू दिसला की मला अजून धाकधूक होते.

धामणकर नाक्याजवळच्या आमच्या कापड कारखान्याच्या फोल्डिंग खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं कापड तपासलं. टेबलावरून ताग्यामागून तागा सरकायचा आणि खोट दिसेल तिथं दादा निळ्या खडूनं फुल्ली मारायचे. माल मालकाचा असो की त्याच्या जावयाचा, फुल्ली ती फुल्ली. नवा माणूस आला की त्याच्या थप्पीत ते गुपचूप एक खराब तागा सरकवायचे. मी पहिल्याच दिवशी फसलो. "तू कापड बघत न्हाय, घड्याळ बघतोस," म्हणाले. खरंच होतं ते. आजही मी त्याच टेबलाशी उभा असतो. गुडघे बोंबलतात, संध्याकाळी डोळ्यांपुढे नुसते धागे नाचतात, तरी खराब तागा हातून सुटत नाही. हे त्यांचंच देणं, दुसरं काय!

दादा मूळचे अंजूरचे. शाळेत चित्रकलेत पहिले यायचे. पण सातवीनंतर वडिलांनी कारखान्यात घातलं आणि ब्रश सुटला तो सुटलाच. रिटायर झाल्यावर त्यांनी खात्यातलंच कोरं कापड चौकटीवर ताणलं, खळ लावून वाळवलं आणि रंगवायला बसले. पण सवय कुठली जाते? सकाळी रंगवायचे, दुपारी स्वतःच तपासायचे, आणि संध्याकाळपर्यंत चित्रावर वीस फुल्ल्या! मग वहिनी ते कापड उतरवून फरशी पुसायला घ्यायच्या. दोन वर्षांत एक चित्र पुरं झालं नाही. मला तर बघूनच थकायला व्हायचं.

मग दादांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. "एकच पुरं करायचं हाय," दादा मला म्हणाले. "आमचं शेत, आणि भाताची आवणी करणारी आई." त्या शेतावर आता गोदाम उभं आहे. आणि आईचा फोटो घरात कधी नव्हताच.

चार महिन्यांनी त्यांनी बोलावून घेतलं. चित्र भिंतीला टेकवलेलं. माझ्या हातात निळा खडू देत म्हणाले, "मला नीट दिसत न्हाय आता. तू तपास." चिखलात भाताची रोपं लावायला पाच बायका वाकलेल्या, पाण्यात सावल्या मात्र चार. मला दिसलं. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून धीरच होईना. म्हणालो, "एक नंबर, दादा! खोट नाही."

"सावल्या किती हायत?"

मी खडू बोटांत फिरवत राहिलो.

"एक मी मुद्दाम सोडलीय. एवढी वर्षं शिकवला तुला, आणि माझ्यावर दया करतोस? माल तपास!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मात्र मी खरंच तपासलं आणि चार फुल्ल्या मारल्या. दादा असे खूश झाले की वहिनींना चहा टाकायला सांगितला.

पुढच्या रविवारी गेलो, तर कापड डोळ्यांशी नेऊन नेऊन त्यांनी तीन चुका दुरुस्त केल्या होत्या. पाचवी सावलीही आली होती. चौथी फुल्ली आईच्या तोंडावर होती. तिथं नाक नाही, डोळे नाहीत, नुसता तपकिरी ठिपका.

"हे राहिलं, दादा," मी म्हणालो. आता खोटं बोलायची हिंमत नव्हती.

त्यांनी त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "लई खटपट केली. तोंडच आठवत न्हाय रे तिचं. एवढं पास कर."

उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाकडे असं मागितलं नव्हतं. ओलं फडकं घेऊन मी फुल्ली पुसायला लागलो.

"हळू पूस," दादा म्हणाले. "आई हाय ती."