ओल्या फडक्यातल्या बाटल्या

मी लिहावं असं माझ्याजवळ फार काही नाही, आणि नीट लिहिता येतं असंही नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. तरी हे लिहायचं धाडस करतोय, त्याची आधीच माफी मागतो.

आमचं घर जुन्नर तालुक्यात, कुंभारकामाचं. वडील चाकावर पाण्याच्या बाटल्या घडवतात, त्यांची मातीचीच बुचं आई करते. बाटली आणि बूच एकाच ओलीचं असावं लागतं, तरच दोन्ही सारखी आकसतात. आई मातीचा गोळा उजव्या हाताच्या बोटांत फिरवून निमुळता करायची, चिकटू नये म्हणून राखेत घोळवायची, बाटलीच्या गळ्यात घालून हलकेच पीळ द्यायची. भाजून झाल्यावर बाटली आडवी केली तरी थेंब गळायचा नाही. वडिलांना ते कधी जमलं नाही. "तुमचं बूच म्हंजी दुसऱ्याची टोपी," आई म्हणायची.

या उन्हाळ्यात आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली. पुण्याच्या दवाखान्यात एकालाच थांबू देत होते, म्हणून मामा थांबला आणि वडील परतले. घरी नुकत्याच घडवलेल्या बाटल्या बुचांवाचून पडल्या होत्या.

मी शनिवारी कॉलेजातून घरी गेलो, तर प्रत्येक बाटलीच्या गळ्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. वडील त्यांवर पाणी शिंपडत होते.

शेजारचे काका कुंपणाशी थांबले. "राव, बाटल्यांना ताप आलाय व्हय? पट्ट्या ठेवताय!"

"आलाय ना. डॉक्टरीण पुण्याला गेलीय."

काका हसले.

मी भीत भीत विचारलं, "बुचं मी करून बघू का?"

"नगं. तिच्या बोटात जरा हालचाल हाय म्हणला तुझा मामा. येईल ती. तवर वल टिकवायची."

पण बाटल्या बुडाकडून सुकत चालल्या होत्या. एकीला तडा गेला होता. वडिलांनी ती फिरवून तडा भिंतीकडे केला आणि पुन्हा पाणी आणायला गेले.

सोमवारी कॉलेजसाठी मंचरला उतरलो, तेव्हा मामाचा फोन आला.

"तुझी आई उद्या घरी येतीय. जिवाचं भ्या न्हाई आता."

मी काही म्हणायच्या आत तो पुढे बोलला, "हात मातर परत न्हाई यायचा. डॉक्टरनी सांगितलं. दाजींना तूच सांग बाबा, मला न्हाई जमायचं."