भिंतीपलीकडच्या बातम्या

कुवेतमध्ये मंगफ भागात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक मेक्सिकन जोडपं राहायला आलं. नवरा तेल कंपनीत इंजिनिअर. बायको रोज संध्याकाळी एकटीच स्पॅनिशमध्ये मोठमोठ्यानं बोलायची. मला वाटायचं, फोनवर कुणाला तरी झापतेय. शेवटी एकदा लिफ्टमध्ये विचारलंच.

ती खळखळून हसली. "अगं, बातम्या वाचते. जिभेला गंज चढू नये म्हणून."

आमचं बोलणं इंग्रजीत. तिचं मोडकंतोडकं, माझं ऑफिसपुरतं. हळूहळू कळलं की मायदेशी ती टीव्हीवर हवामान सांगायची. तिथे मोठा भूकंप झाला त्या दिवशी मुख्य निवेदक स्टुडिओत पोहोचू शकला नाही, म्हणून हिला बसवलं, आणि पुढे कित्येक वर्षं ती खुर्ची हिचीच झाली. नवऱ्याची कुवेतला बदली झाली तेव्हा ती खुर्ची सुटली.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाचं निवेदन करणाऱ्या ताई अचानक भारतात गेल्या. मी गमतीत हिला म्हटलं, "तू करतेस का?"

"करते की!"

मी वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहून दिली. रोज ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन घोकायची. 'ळ'नं तिला घाम फोडला. शिवाय प्रत्येक शब्दाला अडायची. "आधी अर्थ सांग. न समजलेली बातमी मी कधी वाचली नाही." श्रीखंडाचा अर्थ मी वाटीत वाढूनच दिला.

पाडव्याला ती माझी पैठणी नेसून उभी राहिली. "नमस्कार, मंडळी!" तो आवाज ऐकून अख्खं सभागृह चिडीचूप झालं. मध्येच कुणीतरी चिठ्ठी दिली. मी कानात उच्चार सांगितला, आणि तिनं गंभीरपणे जाहीर केलं, "पांढऱ्या गाडीच्या मालकांनी गाडी ताबडतोब काढावी." निम्मे पुरुष उठले. इथे पांढरी गाडी कुणाकडे नाही? हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुणीतरी काढलेला व्हिडिओ तिनं जुन्या संपादकाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला, "आखातातून दर आठवड्याला वार्तापत्र देशील?"

पहिलं वार्तापत्र तिकडच्या सकाळच्या बातम्यांत, म्हणजे आमच्या संध्याकाळी. ती बेडरूममध्ये कॅमेऱ्यासमोर, आम्ही बाहेर टीव्हीपुढे. माइकमध्ये घरघर नको म्हणून ऐन मे महिन्यात एसी बंद. मला एक शब्द कळत नव्हता, तरी पापणी लवत नव्हती.

ती बाहेर आली. "कसं झालं?"

नवऱ्यानं आधी एसी लावला, मग तिला मिठी मारली. आम्ही इतक्या टाळ्या पिटल्या की इमारतीचा रखवालदार काय झालं ते बघायला वर आला. त्याच्याही हातावर पेढा ठेवला.