श्रावणातल्या नऊ पुड्या

पंचायतीनं कडूबाला नोकरी दिली ती गावाचं पाणी सांभाळायची, आणि अट घातली ती गावाच्या विहिरीला हात न लावायची. ही व्यवस्था ज्याच्या डोक्यातून निघाली त्याच्या हातात सोन्याचं कडं घालायला हवं होतं.

गाव भोकरदन तालुक्यातलं, आठवडी बाजाराचं. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. दुष्काळात लोक डबक्यातलं पाणी फडक्यानं गाळून प्यायले आणि जुलाब-वांत्यांनी माणसं पटापट गेली. तेव्हा कुठं सरकारला जाग आली, विहिरीत टाकायची, जंतू मारणारी पावडर पंचायतीत येऊ लागली. ती टाकायला लिहिता-वाचता येणारा माणूस हवा होता. कडूबा सातवी पास. तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस बसून तो सगळं शिकून आला. पुडी बादलीत कालवायची, पावडरीतला चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून बादलीनं चांगलं ढवळायचं. दर तिसऱ्या दिवशी एक पुडी. पावसाळ्यात तर एकही खाडा नाही.

आपल्या वस्तीच्या, भीमनगरच्या विहिरीत तो हे सगळं स्वतःच्या हातानं करी. ती विहीर दुष्काळी कामात तिथल्याच बायामाणसांनी खोदलेली होती. गावविहिरीवर मात्र रीत निराळी. कडूबानं पुडी लांबच्या एका दगडावर ठेवायची आणि दहा पावलं मागं सरायचं. मग महादेवाचा गुरव पुंजाराम येऊन ती उचलायचा, कालवायचा, विहिरीत सोडायचा. कालवलेली बादली कडूबाच्या हातची चालत नव्हती, कोरडी पुडी चालत होती. नंतर पंचायतीत जाऊन कडूबानं पुस्तकात लिहायचं, 'पावडर टाकली', आणि खाली सही ठोकायची.

"माझी सही चालती, माझी बादली चालत न्हाई," तो बायकोला हसत सांगे. कांताबाईला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. "ज्याचं काम त्याचीच सही पाह्यजे," ती म्हणायची. "उद्या काही झालं तं पुस्तक तुमच्याच नावानं बोलन." बाई शाळेत गेली नव्हती, पण जे शिकले त्यांच्यापेक्षा तिला जास्त कळत होतं.

कडूबा तसा कुणापुढं वाकणारा नव्हता. छप्पन्न साली ऐन विशीत त्यानं धम्म घेतला आणि त्या दिवसापासून जोहार म्हणायचं सोडलं. पण ही नोकरी त्याला आवडायची. आपण एक पुडी ठेवतो आणि अख्ख्या गावाची लेकरं धड राहतात, या विचारानं त्याची छाती फुगायची. सहीसुद्धा तो शेवटी मोठा फाटा काढून करायचा. त्या फाट्याचा मला आजही राग येतो.

त्या साली श्रावण कोरडा सुरू झाला आणि नागपंचमीनंतर पावसानं जी धार धरली ती सोडेना. उकिरड्यांचं काळं पाणी गल्ल्यांतून उताराला लागलं, आणि उताराला होती गावविहीर. एका सकाळी कडूबा रामकिसनच्या हॉटेलासमोर उभा होता. त्याचा कान तुटलेला कप वळचणीला वेगळा ठेवलेला असे. तो त्यानं स्वतः काढला, विसळला, रामकिसननं वरून चहा ओतला. एक घोट घेतला आणि कडूबा थांबला. चहा फार चांगला लागत होता.

"आता कसा गोड लागून राह्यला, बघ," रामकिसन खुशीत म्हणाला. "मधी त्या तुझ्या औषधाचा वास मारायचा. गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं. पंधरा दिवस झाले, वास बिलकुल न्हाई."

कडूबानं उरलेला चहा मातीत ओतला. पंधरा दिवसांत त्यानं पाच पुड्या दगडावर ठेवल्या होत्या. तो तसाच देवळाकडं निघाला आणि नेहमीसारखा पायरीच्या खाली उभा राहिला.

पुंजारामनं काही लपवलं नाही, बिचाऱ्याला त्यात लपवण्यासारखं वाटलंच नव्हतं. "द्वारकाबाई म्हन्ल्या, श्रावणात म्हादेवाला त्या घाण वासाच्या पाण्यानं आंघोळ घालायची का? बायांचे उपास, सोमवार, शनिवार. दवा टाकलेलं पाणी उपासाला कसं चालन? मी म्हन्लं, बराबर हाय. पुड्या काही फेकल्या न्हाईत मी. देवाच्या कोठीत नीट ठेवल्यात. पोळा झाला का टाकतो."

"पुंजारामभाऊ, याच महिन्यात तं टाकायची आस्ती. वरून समदी घाण उतरून राह्यली."

"देवाचं पाणी हाय. देव बघन."

पुंजाराम लबाड नव्हता. लबाड असता तर दोन शब्दांत वाकला असता. श्रद्धेनं चुकणारा माणूस फार अवघड असतो, त्याला आपण पुण्य करतोय असंच वाटत असतं.

कडूबा सरपंचांकडं गेला. सरपंच अण्णासाहेब म्हणजे याच द्वारकाबाईंचे थोरले चिरंजीव. त्यांनी ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "कडूबा, आईला मी सांगू का, तुझा उपास मोडला म्हणून? आन् तू सांगत फिरला तं लोक म्हणतीन, हा आमच्या देवाच्या मधी पडला. महिन्याचा सवाल हाय. तू आपली सही करत जाय."

आणि कडूबानं सही केली. एकदा नाही, चारदा. इथं मी त्याला सोडणार नाही. त्याला कारणं होती, भीती होती, नोकरीवर पोट होतं, सगळं खरं. पण 'पावडर टाकली' असं लिहिताना त्याला ठाऊक होतं की टाकलेली नाही. फाटा मात्र त्यानं तेव्हापासून काढला नाही.

दर तिसऱ्या दिवशी तो दगडावर पुडी ठेवून विहिरीकडं पाहत उभा राही. बायका हंडे भरत, हसत-बोलत. द्वारकाबाईंची लेक चतुराबाई पंचमीला माहेरी आली होती. घागर डोक्यावर घेऊन ती अगदी त्याच्यासमोरून गेली. कडूबानं नाक पुढं करून वास घेतला. ओल्या मातीशिवाय कसलाच वास नव्हता.

पोळ्याला चार दिवस उरले असताना चतुराबाईला पहाटे उलट्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीत अकरा जणांनी अंथरूण धरलं, त्यातले तिघं उठले नाहीत. भीमनगरात एकालाही साधी मळमळ नव्हती. हे गावाच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. कडूबा वाटेनं दिसला की बोलणं थांबायचं. रामकिसनच्या वळचणीला त्याचा कप नव्हता, खाली त्याची खापरं पडलेली होती.

"त्याह्यला कसं काही होत न्हाई?" हे वाक्य दुपारपर्यंत सगळ्या ओट्यांवर फिरलं. "औषध तं तोच आणतो."

कांताबाईनं पोरांना घरात घेतलं. "तालुक्याला निघून चला," ती म्हणाली.

"भिऊ नको. उद्या तालुक्याहून डॉक्टरची जीप येऊन राह्यली. नऊ पुड्या कोठीत हायेत. डॉक्टर मोजन आन् समदं उघडं पडन." कडूबाला त्या नऊ पुड्यांचाच आधार होता. त्या होत्या मात्र अशा खोलीत, जिच्या उंबऱ्यापर्यंतही त्याला जाता येत नव्हतं.

सकाळी विहिरीवर गलका झाला म्हणून तो धावत गेला. गल्लीच्या तोंडाशीच त्याला वास आला. इतका उग्र की डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस ज्या वासासाठी तो झुरला होता तो अख्ख्या गावावर पसरला होता. विहिरीवर पांढरा तवंग होता. रामकिसन पोहरा टाकून खोकत बाजूला झाला होता. आणि पुंजाराम विहिरीलगतच्या देवळाच्या भिंतीला टेकून उभा होता, कोपरापर्यंत पांढरे हात धोतराला पुसत.

कडूबाला सगळं कळलं. जीप येणार म्हणून भ्यायलेल्या गुरवानं नऊच्या नऊ पुड्या एकदम आत रिकाम्या केल्या होत्या. आता या पाण्यात रोग टिकणार नाही, गाव वाचलं, असं त्याला आधी वाटलं. आपलं काय होणार हे त्याच्या मागोमाग कळलं: कोठीतला पुरावा गेला होता, पुस्तकातली सही तेवढी राहिली होती.

"जहर टाकलं इहिरीत!" कुणीतरी ओरडलं. बायकांनी हंडे उचलले आणि ओढ्याची वाट धरली. त्याच ओढ्यावर दोन दिवस आजाऱ्यांची धुणी धुतली जात होती.

कडूबा गप्प राहिला असता तर कदाचित निभावला असता. तो वाटेत आडवा उभा राहिला. "ओढ्यावर जाऊ नका. ते पाणी प्याले तं एक घर वाचायचं न्हाई. हे जहर न्हाई, औषध हाय, नऊ पुड्यांचं. आजचा दिस दम खा, भीमनगरातून पाणी न्या. उद्यापासून हेच पाणी बिनघोर प्या."

"नऊच हायेत, हे तुला कसं ठाऊक?" अण्णासाहेबांनी विचारलं. बहिणीच्या दुःखानं त्यांचा चेहरा उतरला होता, पण प्रश्न त्यांनी मोजून-मापून टाकला होता.

कडूबानं पुंजारामकडं पाहिलं. पुंजारामनं मान खाली घातली. बायका वाटेवर अडून उभ्या होत्या, पाय ओढ्याकडं आणि तोंड इकडं.

"रामकिसनभाऊ," कडूबा म्हणाला, "एक पोहरा काढा. वरून ओता."

तो खाली उकिडवा बसला, ओंजळ तोंडाला लावली. रामकिसननं हात लांब करून ओतलं. चहात उकळलेलं सोडलं तर गावविहिरीचं पाणी कडूबा जन्मात पहिल्यांदा पीत होता. घसा भाजला, नाकातोंडातून पाणी आलं, तरी तो थांबला नाही. पोहरा संपवून तोंड पुसत उठला आणि सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला. मग सगळ्यात पुढची बाई हंडा घेऊन माघारी फिरली, तिच्यामागं बाकीच्या. भीमनगरच्या विहिरीवर त्या दिवशी प्रथमच सगळ्या आळ्यांची रांग लागली.

"पुस्तकात सही तुझीच हाय ना?" अण्णासाहेबांनी मागून विचारलं.

"माझीच हाय."

"मंग बस इथंच. जीप येऊ दे."

पुड्या ठेवायच्या त्याच दगडावर कडूबा बसला. रांगेतल्या बायका भरलेले हंडे घेऊन त्याच्यासमोरून जात राहिल्या, आणि जाताना प्रत्येकीनं त्याची सावली चुकवली.